२२ डॉलरची कॅम्पसाइट ५२ ला कशी पडते आणि कॅन्सल केल्यावर ३४ च का येतात

प्रश्न असा आहे, थोडक्यात सांगते. सॅन होजेमधल्या एका मुलाने, मूळचा नाशिकचा, कॅलिफोर्नियाच्या सिएरा डोंगरांमधल्या एका नॅशनल फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडमधे शुक्रवार-शनिवार दोन रात्रींची साइट, म्हणजे तंबू लावायची जागा, घेतली, रात्रीचे २२ डॉलर. बिल आलं ५२. नंतर ऑफिसचं काहीतरी निघालं म्हणून दहा दिवस आधी कॅन्सल केलं तर ३४ परत आले, म्हणजे न जाताच १८ डॉलर गेले. त्याचं म्हणणं, सरकारी जमीन, जमिनीवर झोपायचं, तंबू माझा, स्टोव्ह माझा, मग हे १८ डॉलर नेमके कोणाच्या खिशात गेले? आणि दुसरं, जुलैमधे आईबाबा नाशिकहून येतायत, दोघंही साठीच्या पुढचे, त्यांच्या नावाने सीनियर पास, म्हणजे वयस्कांचा सवलतीचा सरकारी पास, काढला तर अर्ध्या भावात होईल का?

अरे, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हीची उत्तरं लोकांना नीट माहीत नसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गेली वीसेक वर्षं इथे कॅलिफोर्नियात कॅम्पिंग करतेय, आधी मुलांबरोबर, मग आपल्या मराठी कुटुंबांचे ग्रुप घेऊन, आणि रिटायर झाल्यावर दोन उन्हाळे मी आणि माझे मिस्टर फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, एका कॅम्पग्राउंडवर व्हॉलंटियर कॅम्प होस्ट म्हणून राहिलो. होस्ट म्हणजे गेटजवळच्या पहिल्या साइटवर उन्हाळाभर राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांची यादी बघायची, शेकोटीच्या रिंगमधली राख काढायची, टॉयलेट पेपर बदलायचा, रात्री दहाला जनरेटर बंद करा म्हणून सांगत फिरायचं. त्यामुळे पैसे देणाऱ्याची बाजूही मला माहितेय आणि त्या पैशाचं पुढे काय होतं ते पण डोळ्यांनी बघितलंय.

आधी तुझ्या ५२ ची फोड. २२ गुणिले २ म्हणजे ४४ हे झालं साइटचं भाडं. वरचे ८ ही रिझर्व्हेशन फी, रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या बुकिंगच्या वेबसाइटवर ऑनलाइन केलं तर ८, फोन करून केलं तर ९. ती एका बुकिंगला एकदा लागते, रात्रीमागे नाही, आणि तू स्वतःहून कॅन्सल केलंस की परत येत नाही, आपल्या आयआरसीटीसीच्या कन्व्हिनियन्स फीसारखी, तिकीट रद्द केलं तरी ती गेली ती गेलीच. मग कॅन्सल करताना १० डॉलर कॅन्सलेशनचे, म्हणजे ४४ मधून १० वजा, ३४ हातात. ८ आणि १० मिळून तुझे १८.

आता ह्यात दोन वेगवेगळे पैसे आहेत हे डोक्यात ठेव, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. साइटचं भाडं वेगळं आणि बुकिंगची फी वेगळी, दोघांचे रस्ते वेगळे, दोघांचे कायदे वेगळे, आणि माझा राग एकावरच आहे.

भाड्याचं आधी. २००४ च्या डिसेंबरमधे फेडरल लँड्स रिक्रिएशन एन्हान्समेंट अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला, नॅशनल पार्क, फॉरेस्ट सर्व्हिस, बीएलएम म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी जमिनींचं खातं, वगैरे सगळ्यांना तो लागू. त्यात म्हटलंय की गोळा झालेल्या फीचे साधारणपणे कमीत कमी ८० टक्के जिथे गोळा झाले तिथेच वापरायचे, वॉशिंग्टनच्या तिजोरीत जाऊन गडप होत नाहीत. आणि कॅम्पिंगचे पैसे घ्यायला काहीतरी द्यावंही लागतं, नुसती मोकळी जमीन दाखवून पैसे घेता येत नाहीत. कायद्यात नऊ गोष्टींची यादीच आहे, तंबूला किंवा ट्रेलरला जागा, पिकनिक टेबल, पिण्याचं पाणी, आत यायला रस्ता, फी गोळा करायला माणूस, थोडीफार सुरक्षा, कचऱ्याचे डबे, टॉयलेट, आणि शेकोटी आवरून ठेवणारं साधं काहीतरी म्हणजे आपली ती लोखंडी रिंग. ह्यातल्या निम्म्याहून जास्त असल्या तरच पैसे घेता येतात. तुझ्या साइटवर ह्यातलं काय काय आहे हे पुढच्या वेळी गेल्यावर बघ, मग २२ डॉलर कसले ते कळेल.

मी पण पुण्याची, कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर गुहेत पथारी टाकून झोपलेली, त्यामुळे जमिनीवर झोपायचे पैसे कसले हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. तो सुटला होस्ट झाल्यावर. आमच्या कॅम्पग्राउंडला सिमेंटची व्हॉल्ट टॉयलेट होती, खाली नुसती टाकी, फ्लश नाही, पाणी नाही. उन्हाळ्यात ती भरते, आणि मग डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने पंपाचा ट्रक वर येतो, जाडजूड पाइप आत सोडतो आणि दीड-दोन तास त्याचं इंजिन घरघरत राहतं. लोक आत भरलेले डायपर टाकतात, बिअरचे कॅन टाकतात, एकदा तर अख्खी कॅम्पिंगची खुर्ची निघाली, आणि ती हुकाने काढल्याशिवाय पाइप पुढे जाईना. तो ड्रायव्हर पहाटे तीनला निघून आलेला होता. कॅम्पग्राउंडच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कशाचा तर ह्या टाकीचा आणि कचऱ्याच्या गाडीचा, आणि पाण्याचा नळ असेल तर ते पाणी तपासून घेण्याचा. झाडांना आणि तळ्याला खर्च नाही रे, माणसं आली की खर्च. म्हणून २२ डॉलर मला महाग वाटत नाहीत, खरं सांगायचं तर स्वस्तच वाटतात, आणि दोन डॉलर वाढवले तरी मी तक्रार करणार नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे एकट्याकडे २० अब्ज डॉलरच्या वर दुरुस्तीची कामं तुंबलीयत, २०२० मधे ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्ट करून पाच वर्षं दरवर्षी १.९ अब्ज डॉलरपर्यंत पैसे घातले तरी तो डोंगर काही हलला नाही.

शिवाय भाडं वाढवायचं तर त्यांना लोकांना विचारावं लागतं. नोटीस काढतात, कॅम्पग्राउंडच्या बोर्डवर कागद लागतो, आजूबाजूच्या प्रायव्हेट कॅम्पग्राउंडचे दर तपासतात, लोकांच्या कॉमेंट्स घेतात, बऱ्याच भागात फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएमच्या दरवाढीवर स्थानिक लोकांची सल्लागार समिती बसते. मी दोनदा लिहिलंय असं, एकदा बाजूने आणि एकदा विरुद्ध. पाच ओळी लिहिल्या तरी चालतात, आणि लिहाव्यात, कारण आपली मंडळी कॅम्पिंगला ढिगाने जातात पण अशा ठिकाणी आपलं नाव कुठे दिसत नाही.

आता ते ८ डॉलर. रिक्रिएशन डॉट गव्ह ही वेबसाइट सरकारी नावाची असली तरी ती चालवते बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन ही खाजगी कंपनी, २०१८ च्या ऑक्टोबरपासून. करार असा की सरकारने सुरुवातीला वेबसाइट बांधायला पैसे द्यायचे नाहीत, कंपनीने स्वतःच्या खर्चाने बांधायची, आणि मग प्रत्येक व्यवहारामागे कंपनीला पैसे मिळत राहणार. म्हणजे बुकिंग झालं की एक व्यवहार, तारीख बदलली की व्यवहार, कॅन्सल झालं की व्यवहार. वेबसाइट चांगली चालते हे मी नाकारत नाही, आधीपेक्षा पुष्कळ बरी आहे, फोटो आहेत, साइटची लांबी कळते, सावली आहे का कळतं. पण हे व्यवहाराचे दर करारात ठरतात, त्याचा कागद कुठल्या कॅम्पग्राउंडच्या बोर्डवर लागत नाही आणि तुझंमाझं मत कोणी विचारत नाही. माझा पहिला आक्षेप हा. ज्या पैशातून टाकी उपसली जाते त्याच्यासाठी एवढी विचारपूस, आणि जो त्या टाकीपर्यंत पोचत नाही तो मात्र परस्पर ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त मोठा आहे, तो म्हणजे सगळ्यांना सारखेच ८ आणि सारखेच १०. हिशोब करून बघ. योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला रात्रीचे ३६, कोणी पाच रात्री राहिला तर १८० वर ८, लक्षात पण येत नाही. तू एक रात्र २२ च्या साइटवर राहिलास तर २२ वर ८, म्हणजे शेकडा ३६. आणि सीनियर पासवाला म्हातारा माणूस एक रात्र राहिला तर त्याचे २२ चे ११ होतात पण ८ चे ४ होत नाहीत, ८ ते ८ च, म्हणजे ११ च्या जागेला १९. जो गरीब, जो एकच रात्र काढू शकतो, ज्याला शनिवारी कामावरून सुट्टी मिळते आणि सोमवारी परत हजर व्हायचंय, त्याच्यावर ह्या फीचं ओझं सगळ्यात जास्त. मोंटाना विद्यापीठातल्या विल राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइल फोनच्या डेटावरून बघितलं होतं की रिझर्व्हेशनच्या साइट्सवर येणारे लोक, आधी येईल त्याला जागा अशा साइट्सवर येणाऱ्यांपेक्षा जास्त उत्पन्नाच्या भागातून येतात. ते सगळं फीमुळेच होतं असं मी म्हणत नाही, सहा महिने आधी जुलैमधली सुट्टी माहीत असायला नोकरीही तशी लागते आणि बुकिंग उघडतं तेव्हा बरोबर सकाळी सातला लॅपटॉपसमोर बसायची मोकळीकही लागते. पण फी त्यात भरच घालते.

तिसरी गोष्ट मी होस्ट असताना रोज बघितली आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिचा झाला. रिकाम्या साइट्स.

शुक्रवार संध्याकाळ. प्रत्येक साइटला नंबराचा तपकिरी खांब असतो, त्याला क्लिप, आणि क्लिपमधे दुपारीच मी चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या, रिझर्व्ह्ड, अमुक तारीख ते अमुक तारीख. चौदा नंबर ही आमच्याकडची सगळ्यात छान साइट, ओढ्याच्या काठाला, मोठ्या सीडरच्या सावलीत, टेबल सपाट जागेवर. साडेआठ वाजले तरी चौदा रिकामी. तेवढ्यात एक जुनी मिनीव्हॅन आली, मागे तीन मुलं झोपायला आलेली, आई खाली उतरून विचारतेय की काही आहे का हो, खालची दोन कॅम्पग्राउंड्स फुल आहेत, आम्ही चार तास गाडीत आहोत. आणि मला चौदा दिसतेय. पण मी देऊ शकत नाही, कारण नियम असा की ज्याचं बुकिंग आहे त्याची साइट दुसऱ्या दिवशीच्या चेक-आउटच्या वेळेपर्यंत धरून ठेवायची, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत. त्या बाईंना मी खालच्या रस्त्यावर फॉरेस्टच्या मोकळ्या जागेचा पत्ता दिला, टॉर्च दिला, त्या गेल्या. चौदावाला शनिवारी पण आला नाही आणि रविवारी पण नाही. ती चिठ्ठी रात्रीच्या दवाने ओली होऊन क्लिपमधे लोंबत होती, मी शनिवारी दुपारी काढली तेव्हा अक्षर फुटलेलं. दर वीकएंडला अशा दोन-तीन तरी साइट्स असायच्याच, आणि कॅम्पग्राउंड कागदावर फुल.

लोक असं का करतात? बेजबाबदार आहेत म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण पैशाचा हिशोब बघ. येण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कॅन्सल केलं तर त्याला लेट कॅन्सलेशन म्हणतात, १० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं जातं. तुझ्या ४४ मधून २२ आणि १० गेले, राहिले १२. न कळवता गेलाच नाहीस तर नो-शो, २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं, म्हणजे राहिले २. शुक्रवारी सकाळी मुलाला ताप आला, घरात धावपळ, तेव्हा लॉगिन करून कॅन्सल करण्याचं बक्षीस किती, तर १० डॉलर. आणि एकाच रात्रीचं बुकिंग असेल तर लेट कॅन्सल केलं तरी पूर्ण भाडं गेलं आणि न कळवता बसलं तरी गेलं, हातात काहीच नाही, मग कळवेल कोण? सीनियर पासवाल्याचं तर त्याहून वाईट, त्याने एका रात्रीसाठी ११ भरलेत, पंधरा दिवस आधी अगदी शहाण्यासारखं कॅन्सल केलं तरी ११ मधून १० वजा होऊन एक डॉलर परत. एका डॉलरसाठी सत्तर वर्षांचा माणूस पासवर्ड आठवत बसेल का? तो म्हणतो जाऊ दे, बघू, जमलं तर जाऊ. आणि साइट अडकून पडते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भाडं वाजवी आहे, हवं तर थोडं वाढवा, पण वेळेवर कॅन्सल करणाऱ्याचे १० डॉलर कापणं बंद करा, बुकिंगची फी भाड्याच्या प्रमाणात करा, आणि जो न कळवता येत नाही त्याच्यावर खरी जरब बसवा. साइट सोडणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, कारण तो दुसऱ्या कोणाला तरी जागा करून देतोय. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्क्सनी ह्या दिशेने पाऊल टाकलंय, २०२३ मधे एबी ६१८ नावाचा कायदा झाला, आणि आता तारीख जितकी जवळ येईल तितकं कॅन्सल करणं महाग पडतं, लवकर सोडलं तर कमी जातात. हे मला पटतं. मात्र तिथेही बुकिंगची वेगळी फी आहेच, ८.२५ डॉलर, परत न मिळणारी, आणि ती सिस्टिम वेगळी आहे, रिझर्व्ह कॅलिफोर्निया, २०१७ पासून. बरेच लोक रिक्रिएशन डॉट गव्हवर फायफर बिग सर किंवा बिग बेसिन ही स्टेट पार्क्स शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणतात, सापडणारच नाही, ती स्टेटची आहेत.

मागणी आहे तशी बोली लावा, जुलैच्या शनिवारी १०० डॉलर करा, आपोआप ज्याला खरंच हवंय तोच घेईल, असंही काहीजण सुचवतात. मला ते अजिबात मान्य नाही. विमानाचं तिकीट वेगळं आणि सार्वजनिक जंगल वेगळं, त्या मिनीव्हॅनमधल्या बाईला चौदा नंबर खरंच हवी होती, माझ्यासारख्या रिटायर्ड माणसापेक्षा कितीतरी जास्त, पण १०० डॉलर तिने दिले नसते. उलट मंगळवार-बुधवारी भाडं कमी करा ना, तेव्हा निम्मं कॅम्पग्राउंड मोकळं असतं आणि माझ्यासारखे लोक आनंदाने वीकएंड सोडतील.

एक फरक अजून सांगायचा राहिला. नॅशनल फॉरेस्टमधली बरीच कॅम्पग्राउंड्स फॉरेस्ट सर्व्हिस स्वतः चालवत नाही, कन्सेशनेअर म्हणजे ठेकेदार कंपनीला देते, १९५० च्या ग्रेंजर-थाय कायद्याखाली. तिथे भाडं ठेकेदाराकडे जातं, तो सरकारला त्यातला हिस्सा देतो किंवा तेवढ्याची दुरुस्ती करून देतो, त्यामुळे ते वर सांगितलेलं ८० टक्क्यांचं गणित तिथे तसंच लागू नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या गाडीचे वेगळे पैसे आणि लाकडाचा गठ्ठा महाग हे हमखास. पण लाकूड घरून घेऊन जाऊ नकोस, लाकडातून कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते, तिथलंच घे. तुझी साइट कोणाची आहे ते तिच्या पानावर खाली लिहिलेलं असतं, पैसे भरायच्या आधी तेवढं वाचत जा.

आता आईबाबांचं. सीनियर पास त्यांना मिळणार नाही. वय ६२ च्या पुढे असलं तरी तो फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही. वर्षाचा २० डॉलरचा आणि आयुष्यभराचा ८० डॉलरचा, दोन्हींना हाच नियम. आपल्याकडे बरेच जण पासपोर्टवरचं वय दाखवून मिळेल अशा समजुतीत गेटवर जातात आणि मग मागे गाड्यांची रांग, आईबाबा संकोचलेले, असं होतं, मी बघितलंय. तुझ्या ओळखीचे कोणी पासवाले असतील तर त्यांच्या नावाने बुकिंग करून अर्ध्या भावात राहू हा विचारही सोड, पासवाला स्वतः त्या साइटवर राहायला हवा, आणि सवलत त्याच्या एकाच साइटला मिळते, शेजारच्या तुझ्या साइटला नाही. स्टेट पार्कात तर हा पास चालतच नाही.

शिवाय २०२६ च्या जानेवारीपासून एक नवीन गोष्ट झालीय. बाहेरच्या देशातून आलेल्या १६ वर्षं आणि वरच्या माणसाला अकरा मोठ्या नॅशनल पार्कांत नेहमीच्या एंट्रीशिवाय माणशी १०० डॉलर जादा, २५० डॉलरचा नॉन-रेसिडेंट वार्षिक पास घेतला नसेल तर. योसेमिटी, सेक्वोया-किंग्ज कॅनियन, ग्रँड कॅनियन, यलोस्टोन, झायन ही सगळी त्यात आहेत. कॅम्पिंगचं रात्रीचं भाडं त्यांच्यासाठी वेगळं नाही, भुर्दंड आहे तो गेटवर. म्हणून मी तुझ्या जागी असते तर आईबाबांना घेऊन एक दिवस मोठा पार्क बघायचा तर तो हिशोब धरून बघितला असता, पण राहायला नॅशनल फॉरेस्टमधे किंवा स्टेट पार्कमधे नेलं असतं. सिएराच्या फॉरेस्टमधे तेच ग्रॅनाइट, तेच पाइन, तेच तारे, आणि गर्दी निम्मी. आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स म्हणजे अमेरिकन सैन्याच्या इंजिनियर खात्याच्या धरणांच्या काठची कॅम्पग्राउंड्स आपल्या लोकांना माहीतच नसतात, ती पण रिक्रिएशन डॉट गव्हवरच आहेत, सपाट रस्ते, जवळ पाणी, गुडघे दुखणाऱ्यांना फार सोयीची.

बुकिंग करताना एवढं कर. रात्री जोडून घे, दोन वेगळी बुकिंग्स केलीस तर ८ दोनदा लागतील. आईबाबांना वीकएंडचं बंधन नाही, तुला सुट्टी टाकता येत असेल तर रविवार ते बुधवार घे, साइट पण चांगली मिळेल. बहुतेक फॉरेस्ट कॅम्पग्राउंड्सची रोज एकेक नवी तारीख सहा महिने आधी उघडते, योसेमिटीच्या अप्पर पाइन्सची पाच महिने आधी, दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातला एकदम महिन्याभराची उघडते आणि मिनिटभरात संपते, तिथे नशीब आजमावायचं तर खुशाल आजमाव, पण त्याच्यावर आईबाबांची ट्रिप अवलंबून ठेवू नकोस. स्टेट पार्क सहा महिने आधी सकाळी आठला. माणसं मोज, योसेमिटीत एका साइटवर सहा, स्टेट पार्कात साधारण आठ, लहान मुलंसुद्धा मोजतात. तीन-चार कुटुंबं असाल तर ग्रुप साइट घ्या, बुकिंगची फी एकदाच आणि माणशी खर्च एकदम खाली येतो, फक्त ती कॅन्सल करायची तर १४ दिवस आधीच ठरवा, त्यानंतर पहिल्या रात्रीचं भाडं जातं, आणि ग्रुप साइटची एक रात्र म्हणजे बरेच पैसे.

तारीख बदलायची असेल तर कॅन्सल करून नवीन घेऊ नकोस, बदल. बदलायचे १० लागतात, पण कॅन्सलचे १० आणि नवीन बुकिंगचे ८ असे १८ जाण्यापेक्षा बरं. वणव्यामुळे कॅम्पग्राउंडच बंद झालं तर सगळे पैसे परत येतात, फीसकट, त्याला काही करावं लागत नाही. पण नुसता धूर आहे आणि कॅम्पग्राउंड उघडं आहे म्हणून तू नाही गेलास तर ते तुझं कॅन्सलेशन धरतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा जून-जुलै घे, आईला दमा असेल तर नक्कीच.

आणि अगदीच पैसे नको असतील तर नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या जमिनीवर डिस्पर्स्ड कॅम्पिंग, म्हणजे कॅम्पग्राउंड सोडून मोकळ्या जागी तंबू लावणं, फुकट असतं, बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत. टेबल नाही, टॉयलेट नाही, पाणी नाही, कचरा आपला आपण परत आणायचा. कॅलिफोर्नियात अशा जागी गॅसचा स्टोव्ह पेटवायला पण कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन फुकट मिळतं, प्रिंट काढून गाडीत ठेव. आईबाबांबरोबर नको, तुम्ही मित्र मित्र जाल तेव्हा.

अजूनही पाकिटात पैसे घालायची कॅम्पग्राउंड्स आहेत बरं का, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह. गेटपाशी जमिनीत रोवलेला जाड लोखंडी पाइप असतो, त्याला आयर्न रेंजर म्हणतात, वरून फट. शेजारच्या खोक्यातलं पाकीट घ्यायचं, नाव, गाडीचा नंबर, साइटचा नंबर, किती रात्री ते लिहायचं, रोख किंवा चेक आत, पाकिटाची चिठ्ठी फाडून खांबाच्या क्लिपला लावायची आणि पाकीट फटीतून आत सोडायचं, खालपर्यंत पडल्याचा आवाज येतो. २२ म्हणजे २२, वर काही नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी तिथे क्यूआर कोड आलाय आणि रोख बंद झालंय, त्यामुळे फोनला रेंज नसेल तर अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून जावं लागतं. गुरुवारी दुपारी दोनच्या आत पोचलास तर जुलैमधे सुद्धा बऱ्यापैकी जागा मिळते, शुक्रवारी संध्याकाळी नाही.

शेवटी तुझ्या त्या गेलेल्या १८ डॉलरबद्दल. दहा दिवस आधी सोडलंस ते फार चांगलं केलंस. तुझी साइट त्याच दिवशी परत वेबसाइटवर दिसली असणार आणि शुक्रवार-शनिवार म्हणजे तासाभरात कोणीतरी उचलली असणार. पुढच्या वेळी जमत नाही असं वाटलं तर बुधवारी रात्री झोपायच्या आधी सोड, गुरुवार उजाडला की शुक्रवारचं बुकिंग लेट कॅन्सलेशनमधे जातं आणि २२ आणखी जातात. आणि शुक्रवारी सकाळी रद्द करावं लागलं, हातात फारसं काही येणार नसलं, तरी दोन मिनिटं काढून बटण दाब, निदान दुसरी रात्र तरी कोणालातरी मिळते.